पाथरीला मागितलेली माफी

सरकारी रुग्णालयातून निवृत्त होऊन मी परभणीत डॉ. शैलजाबाईंकडे परिचारिका म्हणून रुजू झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला रुग्णाच्या खुर्चीत बसवले आणि चुंबकाचे यंत्र शेजारी चालू करून त्याची टकटक ऐकायला लावली. घाबरलेल्या माणसाला ती कशी वाटत असेल, हे आधी कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला होता.

कंपवाताच्या रुग्णाचे नैराश्य गोळ्यांनी हटत नसेल, तर मॅडम डोक्याला बाहेरून चुंबकाचे ठोके देतात. त्यात भूल नाही, शॉक नाही. मात्र डोक्यामानेजवळ धातू चालत नाही. तो नियम पाळून घेणे माझे काम.

पाथरीचे कापडदुकानदार मन्मथअप्पा आले, तेव्हा त्यांनी जेवण जवळजवळ सोडले होते. घास तोंडात तसाच धरून बसत. त्यांच्या गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती; लिंगायत माणूस आपले लिंग जन्मभर अंगावरून उतरवत नाही. मी म्हणाले, काढा.

"सिस्टर, हे काडल्यावर मी कशाला ऱ्हाऊ?" एवढे बोलून ते उठले आणि जीपने गावी गेले. आठ दिवस फिरकले नाहीत. मग त्यांच्या पत्नी गंगाबाईंचा फोन आला. आता पाणीही नको म्हणायलेत.

मी मॅडमना नियमाची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "नियम बरोबर आहे. न विचारता काढा म्हणालात, ते चुकलं. चला, माफी तुम्हीच मागा."

त्याच दुपारी आम्ही पाथरी गाठली. दुकानात उभी राहून मी माफी मागितली. अप्पांनी मान वर केली नाही. मॅडमनी एकच विचारले, "अप्पा, तुमचे वडील लिंग कशात बांधायचे?"

अप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली.

"पांढऱ्या कपड्यात. डबी मी केली, दुकान चांगलं चाललं तवा." मग खाली बघत म्हणाले, "पूजेला हातावर घेतलं की हात थरथरतो. एकदा पडलं. तवाच सोडून गेलं ते मला."

"हात आजाराने थरथरतो. तुमचं काही चुकलेलं नाही. थरथर जाईल असं मी सांगत नाही, अप्पा. मनावरचं ओझं उतरतं का, ते बघू."

अप्पांनी ग्लासभर पाणी घेतले आणि कात्री मागितली. लिंग बांधायचे पांढरे कापड वाकडेतिकडे कापले जात होते. मी पुढे होऊ लागले, तर मॅडमनी माझे मनगट धरले.

परभणीत उपचार सुरू झाले, पण दोन आठवडे काहीच फरक दिसला नाही. मॅडम रोज अप्पांचे वजन स्वतः बघत आणि माझ्याशी कामापुरते बोलत. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस अप्पा खुर्चीतून उतरता उतरता म्हणाले, "सिस्टर, चहा लय पानचट करता तुमी." मॅडमचे लिहिणे थांबले. मी चहा पुन्हा उकळायला ठेवला.

अप्पांचा हात अजून थरथरतो. पूजेच्या वेळी गंगाबाई त्याच्याखाली आपला तळहात धरतात.

मॅडम आता साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. मी नियम पाळते आणि पुढेही पाळीन. पण ते पाळताना माझे चुकेल, तेव्हा मला पाथरीला घेऊन जायला मॅडम असाव्यात.