एकशे सत्तावीस दाते

मेस्त्रींना सकाळपासून काही सुचत नव्हतं. चहात नुसता चमचा फिरवत बसले होते. शेवटी बायको म्हणाली, "साखर कधीच विरघळली. आता कपाला भोक पाडणार आहात का?" एरवी त्यांनी उलट टोला हाणला असता. आज चहा तसाच ठेवून उठले आणि वर्कशॉपकडे निघाले.

टेबलावर थोरल्या बहिणीचं, ताईचं चाक पडलं होतं. ताईचा दोर वळायचा छोटा कारखाना. तिच्या मशीनचं हे मोठं दातेरी चाक मेस्त्रींनी तीन वर्षांत तीनदा करून दिलं आणि तिन्ही वेळा ते मोडून आलं. दर वेळी मेस्त्री छातीठोकपणे सांगत, "चाकात खोट नाही, ताई. तुझा मशीनवाला ओझं जास्त टाकतो." गेल्या महिन्यात ताईने त्या मशीनवाल्याला काढून टाकलं. बावीस वर्षं काम केलेला माणूस. चाक तरीही मोडलं.

काल त्यांनी मोडक्या जागा पाहिल्या. चार, आणि बरोबर बत्तीस-बत्तीस दात्यांच्या अंतरावर. लगेच त्यांनी आकडेमोड मांडली.

मशीनमध्ये याच्याशी जुळून फिरणाऱ्या छोट्या चाकाला बत्तीस दाते. मोठ्याला मेस्त्रींनी एकशे अठ्ठावीस पाडलेले. बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस. म्हणजे छोट्या चाकाचा एक टवका उडालेला दाता दर फेरीला त्याच चौघांच्या उरावर बसणार! मूळ चाकाला एकशे सत्तावीस होते. मोजून मेस्त्री तेव्हा हसले होते. हा काय आकडा झाला? दोन, तीन, पाच, सात, अकरा, कुणाच्याच भागाला दाद देत नाही. आणि तेरा तेरे एकशे एकोणसत्तर, म्हणजे पुढे बघायलाच नको. असा आकडा कापायचा तर दिवसभर डोकं पिकवावं लागतं. एकशे अठ्ठावीस कसे निम्म्याचं निम्मं करत झटपट होतात. एका दात्याने काय बिघडतंय?

बिघडलं ते तिथेच. एकशे सत्तावीस असते, तर तो टवक्याचा दाता सगळ्यांना एकेकदा भेटल्याशिवाय कुणाच्या वाट्याला दुसऱ्यांदा आला नसता. मार वाटला गेला असता.

दुपारपर्यंत त्यांनी नवं चाक कापलं. तीनदा मोजलं. मग ते घेऊन ताईच्या कारखान्याकडे निघाले. गुपचूप बसवून दिलं तर कुणाला कळणार आहे? दाते कोण मोजतंय?

ताईने चाक हातात घेतलं. "या वेळी टिकेल ना रे?"

"टिकेल. ताई, आधीची तिन्ही माझ्यामुळे मोडली. मी आळस केला. तुझ्या माणसाची काही चूक नव्हती."

ताईने चाक खाली ठेवलं.

"हे मी बसवून घेते. तू त्याच्याकडे जा. मला सांगितलंस ते त्याच्या बायकोमुलांसमोर सांग. आणि त्याला घेऊनच ये."

"पत्ता दे," मेस्त्री कसेबसे म्हणाले. तीन वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याचं घर कुठे आहे हेही त्यांना माहीत नव्हतं.