धाकटीचं संशोधन आणि दापोऱ्याच्या बायका

आमची धाकटी जाऊ जबलपूरहून लग्न होऊन सिंधीपुऱ्यातल्या आमच्या घरात आली ती मानसशास्त्रातली एम. ए. होऊनच. तोवर घरात शिकलेली सून म्हटलं की माझं नाव निघायचं. मी एम. ए., बी. टी., मुलींच्या शाळेत बाई. ती आल्यावर सासरे पाहुण्यांना सांगायला लागले, "आमच्या दोन्ही सुना शिकलेल्या." त्या 'दोन्ही'नेच माझं पोट दुखायला सुरुवात झाली. त्यात ती दिसायला बरी, स्वभावाने गोड, आणि पोळ्याही माझ्यापेक्षा पातळ करायची. रागवायला काही सापडेना, त्याचाच जास्त राग यायचा.

ती राज्यांच्या पुनर्रचनेची वर्षं होती. नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो, राजधानी भोपाळला गेली. पेपरांतून त्यावर मोठमोठं लिहून येत होतं. माझं दुःख छोटं होतं, पण माझं होतं. नागपूरला मी पीएच. डी.साठी नाव घालायच्या बेतात होते. विषय ठरला होता, मार्गदर्शक बाई तयार होत्या. आता ते सगळं परराज्य झालं, शाळेची परवानगी अडली आणि बेत बारगळला. म्हणून इकडच्या विद्यापीठाचे एक सर आमच्या भागात पाहणीला येणार आहेत आणि इथल्याच एका व्यक्तीला संशोधनासाठी घेणार आहेत हे कळलं, तेव्हा ही जागा माझीच असं मी मनाशी धरून बसले. घरात तसं बोलूनही दाखवलं. धाकटीने चार दिवस गप्प राहून अर्ज केला.

सरांबरोबर सगळी मिसळच आली होती. एक जण केळीच्या अडतदारांच्या धंद्यावर लिहीत होता. एक डॉक्टर बायकांच्या अंगात रक्त किती ते तपासत होते. आणखी एक मेंदूचे अभ्यासक होते, ते समोरच्याच्या तोंडाकडे न बघता कपाळाकडे बघून बोलत. सर स्वतः स्मरणशक्तीवर काम करायचे. त्यांनी आम्हा दोघींना आधी कामाचा नमुना दाखवा म्हणून सांगितलं. माझ्या वाट्याला शहरातल्या मुलींचं वाचन आलं आणि धाकटीच्या वाट्याला शहराबाहेरच्या दापोरा गावातल्या बायकांची आठवण.

काम साधं होतं. रोजच्या वापरातले शब्द बाईला सावकाश ऐकवायचे, थोडं इकडचं तिकडचं बोलायचं, मग लक्षात राहिले तेवढे तिने म्हणून दाखवायचे. धाकटी सकाळी बैलगाडीने दापोऱ्याला जायची, संध्याकाळी धुळीने माखून यायची, आणि सासूबाई तिच्यासाठी पाणी तापवून ठेवायच्या. मी शाळेतून चालत यायचे तेव्हा माझ्यासाठी कधी कोणी पाणी तापवलं नव्हतं. रात्री जेवताना ती सांगायची की बायकांना फार थोडे शब्द आठवतात, अगदी घरातल्या वस्तूंचेसुद्धा आठवत नाहीत. मेंदूच्या अभ्यासकांना ते ऐकून भलताच हुरूप आला. अंगात रक्त नाही म्हणून आठवण नाही, असा त्यांनी धागा जुळवला आणि रक्तवाले डॉक्टरही त्याला रुकार द्यायला लागले. सरांनी हे मोठं काम होईल असं म्हटल्याचं दिरांनी घरभर सांगितलं. माझ्या मुलींच्या वाचनाबद्दल सर म्हणाले होते, ठीक है.

मग एक दिवस धाकटीबरोबर गाडीतून जाणारी सोबतीण आजारी पडली आणि सासूबाईंनी मला तिच्याबरोबर जायला सांगितलं. गेले. एका घराच्या ओसरीत बायका जमल्या होत्या. केळीच्या बागेतून आलेली एक तिशीतली बाई समोर येऊन बसली. धाकटीने शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने म्हणून दाखवायला सांगितलं. बाईने भराभर सांगायला सुरुवात केली, विळा, कणगी, दोर, आणि एकदम थांबली. पदर तोंडाला लावून शेजारणीकडे बघून हसली. शेजारीणही हसली. मग बाई म्हणाली, "बाकी इसरली मी, बाई."

पुढचा शब्द होता सूप. आणि मला कळलं. त्या बाजूला ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे नवं बाळ सुपात ठेवतात, नाहीतर उकिरड्यावर टेकवून उचलतात, आणि त्यावरूनच त्याचं नाव पाडतात. कोणाचं नाव दगडावरून, कोणाचं कोंड्यावरून. अशा माणसाची बायको नवऱ्याचं नाव तर घेत नाहीच, त्या नावाची वस्तूही तोंडातून काढत नाही. सुपाला ती 'पाखडायचं' म्हणते. सासऱ्याचं, थोरल्या दिराचं नावही तसंच टाळते. जबलपूरच्या धाकटीला नवऱ्याचं नाव न घेणं ठाऊक होतं, सूप न म्हणणं ठाऊक नव्हतं. आणि शब्दांच्या यादीत सूप होतं, दगड होता, कोंडा होता, सोनं होतं. निम्म्या गावाचे नवरे त्या यादीत बसले होते.

परतीच्या वाटेवर मी गाडीत तोंड फिरवून बसले. धाकटीला वाटलं मला ऊन लागलं, तिने आपली छत्री माझ्यावर धरली. मी त्या छत्रीखाली बसून सरांसमोर काय आणि कसं बोलायचं ते ठरवत होते. घरात सांगितलं असतं तर तिने रातोरात काम दुरुस्त केलं असतं.

सरांनी सगळ्यांना आमच्या शाळेत बोलावलं, चहा आला, धाकटीने आपलं काम वाचून दाखवलं. मेंदूच्या अभ्यासकांनी त्यावर बरंच भाष्य केलं. मग मी उठले.

"सर, या बायका विसरत नाहीत. ते शब्द त्या तोंडाने बोलत नाहीत. त्यांच्या नवऱ्यांची, सासऱ्यांची नावं आहेत त्यात."

मग सूप, दगड, सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या अभ्यासकांनी चष्मा काढून पुसला. केळीवाला खिडकीकडे तोंड करून हसला. धाकटीचा चेहरा उतरला, आणि खरं सांगते, तो उतरलेला चेहरा बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या बी. टी.च्या निकालानेही झाला नव्हता. बशीतला चहा संपेपर्यंत तो टिकला.

धाकटी खाली बघत होती. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाली, "वहिनी, म्हणजे तो शब्द टाळायचा तर तो त्यांना आधी आठवावा लागतो. मग तोच सगळ्यात पक्का आठवत असेल का?"

सर खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "अब यह हुआ विषय."

झालं. जागा तिला मिळाली. सरांनी माझंही कौतुक केलं, तुमची नजर चांगली आहे म्हणाले, आणि तिला मदत करत जा असं सांगितलं. मी घरी येऊन भांडी आपटली. यांनी विचारलं काय झालं, तर यांच्यावरही आपटली. दोष मला दिसला होता, तिने फक्त एक प्रश्न विचारला होता. मी किती दिवस हेच घोकत होते, की तो प्रश्न मला का सुचला नाही. उत्तर मला ठाऊक होतं. मी तिला पाडण्यात गुंतले होते आणि ती पडल्या पडल्यासुद्धा त्या बायकांचा विचार करत होती. ते कळूनही जळफळाट कमी झाला नाही, उलट वाढला.

धाकटीने पुढे रीत बदलली. शब्द म्हणायला लावायचं सोडून चित्रं मांडली आणि लक्षात राहिलेल्या चित्रावर बोट ठेवायला सांगितलं. न बोललेल्या शब्दांची चित्रं बायका न चुकता दाखवायला लागल्या. मग तिला शिकलेल्या बायका हव्या झाल्या, ताडून बघायला. शहरातल्या काही तयार झाल्या. एका दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली. "वहिनी, तुमचं घेऊ का? बोलून दाखवा नाहीतर बोट ठेवा, कसंही."

मी हो म्हटलं ते मनात एक धरून. सगळे शब्द खणखणीत बोलायचे. शिकलेल्या बाईला असलं काही होत नाही हे दाखवायचं आणि तिचा प्रबंध तिथेच लंगडा करायचा. तिने शब्द ऐकवले, मध्ये सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलली, मग चित्रं मांडली. मी बोलायला लागले. दिवा. घागर. पोपट. नांगर. आणि जीभ थांबली. पुढे कमळ होतं. यांच्या नावाचा अर्धा भाग.

मी यांना कधी नावाने हाक मारली नव्हती, पण कमळ हे फूल आहे, कोणीही म्हणेल, असं मला वाटत होतं. तेव्हा लक्षात आलं की मी ते कधीच म्हटलं नव्हतं. वर्गातसुद्धा मी 'पद्म' म्हणायचे आणि मुलींना वाटायचं बाईंचं संस्कृत चांगलं आहे. आता 'पद्म' म्हणावं तर तीही तिच्या कामाचीच गोष्ट होणार होती. 'विसरले' म्हणावं तर दापोऱ्याची बाई झाले असते. तोंड उघडलं, शब्द अगदी ओठांपर्यंत आला, आणि सगळा जोर लावूनही बाहेर पडेना.

धाकटी हसली नाही. हसली असती तर मी भांडले असते. ती नुसती थांबली, दापोऱ्याच्या ओसरीत थांबायची तशी, घाई न करता.

मी कमळावर बोट ठेवलं. तिने कागदावर खूण केली आणि पुढचं चित्र माझ्याकडे सरकवलं.