समोरच्याच्या खुर्चीत बसवणाऱ्या नलिनीताई

खरं सांगायचं तर हा लेख लिहायची वेळच येणार नव्हती. नलिनीताई सावंत यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाने सत्कार ठरवला, गौरवग्रंथ ठरवला, लेखही मागवले, आणि ऐन वेळी ताईंनीच हात जोडून सांगितलं की मला तुमचा सत्कार नको. का नको, ते पुढे येईलच. पण गौरवलेखाची सुरुवात पहिल्या ओळखीपासून करायची रीत आहे, तेव्हा मीही ती पाळते. एरवी रीत पाळणाऱ्यांपैकी मी नाही. मी वकील आहे, भांडण हा माझा पोटाचा धंदा आहे, आणि घरचे म्हणतात की धंदा नसता तरी ही भांडलीच असती.

ताईंच्या सासरचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. ताई स्वतः सरकारी कन्याशाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत लहान लहान गट बांधायला घेतले. त्यांत देवळातले असत, मशिदीतले असत, गुरुद्वाऱ्यातले, चर्चला जाणारे, दुकानदार, कॉलेजातली मुलं, घर सांभाळणाऱ्या बायका. सणावारी तेढ होऊ नये, झालीच तर पसरू नये, आणि संख्येने थोडा असलेल्या माणसाला आपला हक्क मागताना एकटं वाटू नये, एवढ्यासाठी या गटांना तयार करायचं. शिंद्यांची छावणी म्हणतात त्या मोहल्ल्यात एका शाळेच्या वर्गात त्यांचं असं शिबिर होतं, आणि मला संविधानावर बोलायला बोलावलं होतं. मी धर्मस्वातंत्र्याची कलमं सांगितली, अल्पसंख्याकांच्या हक्कांची सांगितली, आवाज चढवून सांगितली. पहिल्या रांगेतले गृहस्थ जांभया देत होते आणि दुसऱ्या रांगेतले पंख्याकडे बघत होते. पालथ्या घड्यावर पाणी!

ताईंनी माझे मनापासून आभार मानले आणि वर्गाच्या मध्यभागी दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या. एका खुर्चीत मिठाईवाले गुप्ताजी, दुसरीत रशीदभाई टेलर. गुप्ताजी गल्लीतल्या मिरवणुकीचे पुढारी, आणि त्या मिरवणुकीवरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. ताई म्हणाल्या, “अब कुर्सी बदलिए। गुप्ताजी, आप रशीदभाई बनकर उनकी शिकायत बताइए। जब तक वो न कहें कि हाँ, यही बात है, तब तक उठना नहीं।”

गुप्ताजी हसत हसत बसले. “मैं रशीद हूँ। मुझे आपके डीजे से तकलीफ है।”

“नहीं,” रशीदभाई म्हणाले.

“आपका जुलूस नमाज के टाइम आता है।”

“नहीं।”

गुप्ताजींचं हसू गेलं. मग खाली बघत ते म्हणाले, “जुलूस मेरी दुकान के सामने रुकता है। आप सब दुकानवालों से पूछते हैं, मुझसे नहीं पूछते।”

“हाँ,” रशीदभाई म्हणाले, “यही बात है।”

त्यानंतर रशीदभाईंची पाळी होती आणि त्यांनाही चांगलाच घाम फुटला. पुढच्या वर्षी मिरवणुकीची बैठक रशीदभाईंच्या दुकानात झाली. मी त्या दिवशी ताईंना विचारलं की ही युक्ती कुठल्या संस्थेत शिकलात. त्या म्हणाल्या, “अहो, संस्था कसली? वर्गात दोन मुली भांडल्या की मी त्यांची बाकं बदलायची. मोठ्या माणसांची भांडणं काय वेगळी असतात?” माझं भाषण वाया गेलं म्हणून मी खट्टू झाले होते, ते त्यांनी ओळखलं. “वकिलीणबाई, तुमची कलमं हवीतच. औषधाची बाटली घरात लागतेच ना? पण रोजच्या जेवणाला वरणभात लागतो.” त्या दिवसापासून मी त्यांची वकिलीणबाई झाले. शिबिरात कायदा मी सांगते, खुर्च्या त्या मांडतात.

ताई गोड बोलतात म्हणून कुणी त्यांना मऊ समजू नये. एका शिबिरात एक तरुण छाती पुढे काढून म्हणाला, “आंटीजी, हमारे एरिया में हम इन लोगों को पूरा सँभालकर रखते हैं। किसी की हिम्मत नहीं।” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी नाही वाजवल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “बेटा, वो तुम्हारे मेहमान नहीं हैं। उनका भी उतना ही घर है। उपकार मत करो, हक में साथ खड़े रहो।” पोरगा ओशाळला, पण तो आज आमचा सगळ्यात भरवशाचा कार्यकर्ता आहे. मोबाइलवर काही भडक आलं की तो पुढे पाठवत नाही, आधी स्वतः त्या जागी जाऊन येतो.

माणसाच्या मागे उभं राहणं म्हणजे काय, ते मी स्वतः अनुभवलं आहे. एका ख्रिस्ती कुटुंबाला घरात प्रार्थना करतात म्हणून शेजारी त्रास देत होते. त्यांचं वकीलपत्र मी घेतलं. झालं! कोर्टातले माझे सहकारी दुपारी जेवताना दुसऱ्या टेबलावर जाऊन बसू लागले. एके दिवशी मी मेली भरला डबा तसाच बंद करून घरी घेऊन गेले. ताईंना हे कुठून कळलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन हजर! माझ्यासमोर बसल्या, थालीपीठ काढलं, आणि माझी सुनावणी, नव्या बाजारात लिंबं किती महाग झाली, असल्या गप्पा मारत राहिल्या. मग रोज येऊ लागल्या. हळूहळू एक सहकारी थालीपीठाच्या वासाने का होईना, परत माझ्या टेबलावर आले, मग दुसरे आले. त्या कुटुंबाच्या घरात आजही प्रार्थना होते. कोर्टातून निकाल मी आणला, पण तो येईपर्यंत मी टिकले ती त्या डब्यावर, हे मी इथे जाहीरपणे सांगते.

आता सत्काराची गोष्ट.

आमच्या मंडळाचं सभागृह तुम्ही पाहिलं असेल. गणपती, हळदीकुंकू, मुंजी, लग्नं, सगळं तिथेच. गुप्ता, अग्रवाल, पंजाबी मंडळी, कुणीही मागितलं की भाड्याने देतो. सभागृहाच्या मागच्या गल्लीत रुखसाना आपा राहतात. ताईंबरोबर शिबिरं घेणाऱ्या पहिल्या बाई त्या. आमच्या गणपतीच्या आरतीचे ताल त्यांच्या मुलांना पाळण्यात असल्यापासून पाठ. त्यांच्या मुलीची, शाहीनची मंगनी म्हणजे साखरपुडा ठरला तेव्हा त्यांनी आमचे सचिव नाना यांच्याकडे सभागृह मागितलं. नाना म्हणाले, त्या दिवशी बुकिंग आहे. आपा “कोई बात नहीं” म्हणून परत गेल्या आणि मंगनी घरातच केली.

ताई त्या मंगनीला गेल्या होत्या. जागा नव्हती, पाहुणे गल्लीत उभ्याने जेवत होते. ताई वाढायला मदत करावी म्हणून स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथल्या खिडकीतून त्यांना समोर आमचं सभागृह दिसलं. मागच्या दाराला कुलूप, आत काळोख. ताईंनी आपांकडे पाहिलं. आपा म्हणाल्या, “छोड़िए ताई। खुशी के दिन क्या मुँह बनाना।”

दुसऱ्याच दिवशी ताईंनी मंडळाला कळवलं, “ज्या दारात रुखसानाला खोटं सांगितलं गेलं, त्या दारातून मी शाल घ्यायला आत येणार नाही.”

मग काय, मंडळात उभी फूट! कुणी म्हणालं ताईंचा हट्ट आहे, कुणी म्हणालं दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नाना दुखावले आणि राजीनामा देतो म्हणाले. मी तर नोटिशीचा मसुदा मनातल्या मनात तयारच केला होता. ताईंनी मला दटावलं, “वकिलीणबाई, बाटलीचं बूच आत्ताच उघडू नका. मला फक्त एक बैठक आणि दोन खुर्च्या द्या.”

बैठक सभागृहातच होती, तिला ताई आपांना घेऊन आल्या. मला वाटलं, ताई आता नानांना उलटे टांगणार. पण त्या पहिल्यांदा स्वतःच नानांच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि नानांना समोर बसवलं. “मी नाना आहे,” त्या म्हणाल्या. “हे सभागृह माझ्या वडिलांच्या पिढीने घरोघरी हिंडून उभं केलं. या गावात आपण मूठभर. नातवंडं घरातसुद्धा हिंदी बोलतात. आपलं म्हणावं असं एवढंच उरलं आहे. तेही हातचं गेलं तर, अशी मला भीती वाटते.”

नाना म्हणाले, “बरोबर आहे. पण हेच नाही.”

ताईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, “मला बाहेरच्यांची भीती वाटते. कुणीतरी मोबाइलवर टाकेल की मराठ्यांच्या हॉलमध्ये मुसलमानांची मंगनी झाली. एखादा दगड येईल, आणि मी सचिव म्हणून तोंड दाखवू शकणार नाही.”

नानांनी चष्मा काढला. “हो,” ते म्हणाले, “हेच. माझ्या मनात आपांबद्दल वाईट नव्हतं हो, मी घाबरलो.” इतकी वर्षं मी नानांशी भांडते आहे, पण हा माणूस घाबरला असेल असं मला एकदाही सुचलं नव्हतं.

मग ताईंनी नानांना आपांच्या खुर्चीत बसवलं. आपा समोर. नाना म्हणाले, “मैं रुखसाना हूँ। मुझे हॉल चाहिए था।”

“नहीं, नाना।”

“हॉल नहीं मिला, तो मेहमानों के सामने बुरा लगा।”

“नहीं, नाना।”

नानांनी मान वळवून मागच्या खिडकीतून आपांच्या घराकडे बघितलं. मग बोलले, “मेरी खिड़की से ये हॉल दिखता है। उस शाम यहाँ अँधेरा था। जिस आदमी को मैं बरसों से नाना कहती हूँ, उसने मुझसे झूठ बोला।”

आपांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “हाँ नाना,” त्या म्हणाल्या, “यही बात है।”

माझी नोटीस मनातच राहिली. त्याच बैठकीत ठरलं की शाहीनचा निकाह या सभागृहात होईल. आत फक्त शाकाहारी जेवण, हा आमचा नियम सगळ्यांनाच आहे. आपा म्हणाल्या, “सबका है, तो मेरा भी।” आता गंमत बघा. मुलाकडच्यांना जमेल अशी तारीख निघाली ती नेमकी ताईंच्या वाढदिवसाची, ज्या दिवशी सत्कारासाठी सभागृह राखून ठेवलं होतं. आपा कानाला हात लावून म्हणाल्या, हम तारीख बदल लेंगे. ताईंनी त्यांना गप्प केलं. “मुलीचं लग्न अडवून पंच्याहत्तरी साजरी करू? मी पंच्याहत्तरीची कुठेही होईन.” आणि आमचा सत्कार पुढे गेला.

निकाहाच्या दिवशी मी लवकर गेले, कारण दगडाची भीती मलाही वाटत होती, उगाच मोठं तोंड कशाला करू? फाटकाशी गुप्ताजी आणि रशीदभाई शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. भोवती गटातली पोरं. बाड्याच्या चौकापलीकडून दोन टाळकी मोटारसायकलवर आली, घुटमळली, गुप्ताजींनी त्यांना “आओ भैया, शरबत पियो” म्हटल्यावर निघून गेली. दारात नाना स्वतः उभे, धोतर नेसून, हातात मंडळाची चांदीची गुलाबदाणी. येणाऱ्या प्रत्येकावर गुलाबपाणी शिंपडत होते, अत्तर लावत होते.

ताई आल्या आणि दाराबाहेरच्या फळ्यापाशी थबकल्या. त्या दिवशी सभागृहात काय आहे ते नाना त्या फळ्यावर खडूने लिहितात, आपल्या सगळ्यांच्या लेकीसुनांची लग्नं त्यांनी तिथे लिहिली आहेत. त्यांच्या त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, “चि. सौ. कां. शाहीन हिचा शुभविवाह. सर्वांचे सहर्ष स्वागत.” ताईंनी ते वाचलं, परत वाचलं, पदराने डोळे टिपले आणि नानांना म्हणाल्या, “नाना, माझा सत्कार झाला हो. आता तुमच्या त्या शालीचं काय करायचं ते करा.”

नानांनी ही हकिगत छापायला परवानगी दिली. परवानगी कसली, “मी खोटं बोललो तेही लिही, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही,” असं बजावलं. सत्काराला ताईंची एकच अट आहे, शाल रुखसाना आपा घालतील आणि नाना बाजूला उभे राहतील.

ताई, या ग्रंथात सगळेच तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील. मी वकील, मी मोघम मागणी करत नाही. गुडघ्यांना तेल लावत जा, साखर तपासत जा, शिबिरातल्या खुर्च्या स्वतः उचलू नका, त्याला आम्ही आहोत. शाहीनच्या मुलीचं लग्नही याच सभागृहात व्हायचं आहे. त्या दिवशी दारात उभं राहून गुलाबपाणी तुम्ही शिंपडायचं आहे, तोवर ठणठणीत राहा.