पडद्यावरची विधवा

बोलपट यायच्या आधी चित्राला जीभ नव्हती, ती माझ्या भावाला होती. जळगावच्या आमच्या पत्र्याच्या थिएटरात पडद्याच्या उजव्या अंगाला एक उंच स्टूल ठेवलेलं असे. त्यावर चढून, हातात वेताची छडी घेऊन, तो इंग्रजी पाट्या वाचायचा आणि लोकांना मराठीत गोष्ट सांगायचा. दिवसा एका वकिलांकडे कारकुनी, संध्याकाळी हा उद्योग. बाजाराच्या दिवशी नशिराबादकडची शेतकरी मंडळी बैल सोडून आत यायची, तेव्हा तो निम्मी गोष्ट त्यांच्या बोलीत सांगे आणि टाळ्या घेई. घरात दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही, स्टुलावर चढला की वाचा फुटायची.

मी त्याच्याकडेच राहत होते. नवरा तापाच्या साथीत गेला तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सासरच्यांनी परत पाठवलं, भावाने ठेवून घेतलं. माझे केस राखले हे त्याचं मोठं सुधारकपण. चारचौघांत तो ते आवर्जून सांगत असे. छळ म्हणाल तर कुणी केला नाही. पहाटे उठून पाणी भरायचं, वहिनीच्या बाळंतपणांत खपायचं, कुणी कामाला निघालं की समोर जायचं नाही, लग्नघरी मागच्या दाराने शिरायचं. इतकंच. सुरुवातीला रडू यायचं, मग तेही येईनासं झालं, आणि ते कधी थांबलं हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही.

विधवेने चित्र पाहावं की नाही यावर घरात एकदा खल झाला होता. पण वहिनीला चित्राचा भारी नाद आणि मांडीवर मूल. ते सांभाळायला कुणीतरी हवंच. तेव्हा शास्त्र बाजूला राहिलं आणि मी बायकांच्या बाजूला, चिकाच्या पडद्यामागे, मुलाला घेऊन बसू लागले.

बहुतेक चित्रं अमेरिकेची. त्यांत गोरा माणूस घोड्यावरून यायचा आणि शेवटी गोऱ्या मुलीला सोडवायचा. कुणापासून सोडवायचा, तेवढं बदलायचं. कधी लांब नखांचा चिनी असायचा, तो दाराआडून हसायचा. कधी अरब असायचा, तो मुलीला खांद्यावर टाकून पळायचा. भाऊ चिन्याचं हसणं असं काही काढून दाखवायचा की पोरं शिट्ट्यांनी पत्रा हलवायची. आमच्या गल्लीत एक चिनी फेरीवाला रेशमाचं गाठोडं घेऊन यायचा. दमलेला, भला माणूस. भाव करताना बोटांवर आकडे दाखवायचा, आणि नखं तुमच्याआमच्यासारखीच कापलेली. ती पाहूनसुद्धा आम्हाला काही वाटलं नाही. हा वेगळा, खरे चिनी चित्रातले, असं आम्ही धरून चाललो. फुकटची अक्कल होती आमची.

त्याच सुमाराला धुळ्याला बायकांना मास्तरणीचं शिक्षण देणारा वर्ग निघाला. माझी मराठी सहावी झाली होती. वर्ग चालवणाऱ्या बाई माझ्या आईच्या मैत्रीण, त्यांनी निरोप धाडला की मुलगी पाठवा, राहायचं माझ्याकडे. चाळीसगावला गाडी बदलली की धुळं. फार लांब नव्हतं. मला जायचं होतं. आता त्या इच्छेला काय नाव द्यावं कळत नाही, कारण उत्साह वगैरे काही नव्हतं. सकाळी उठून स्वतःच्या कामाला बाहेर पडावं, पुढच्या दाराने, एवढंच मनात होतं. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "बघू."

आणि मग ते चित्र आलं.

सुरुवातीलाच मोठं देऊळ. देवाला हात इतके की मोजता येईनात. पुढे माणसं जमिनीवर पोट टेकून सरपटत होती. पागोटी अशी बांधलेली की आत्ता सुटतील. चेहऱ्यांना काळपट रंग फासलेला, पण कानांमागे आणि मनगटाच्या वर सगळे गोरेच्या गोरे. माझ्या शेजारी बाजाराला आलेली एक शेतकरीण बसली होती. तिने मला कोपराने ढोसलं.

"अक्का, हाऊ कोनता मुलूक शे वं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. सगळं थिएटर त्या देवाला आणि त्या पागोट्यांना खदखदून हसत होतं. कुठलं तरी अडाणी बेट असणार, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एक बाई आली. तिला दोघेजण ओढत चितेकडे नेत होते. अंगभर दागिने, आणि कपाळावर ठसठशीत टिळा. पडद्यावर पाटी आली. भावाने ती वाचली, तोंड उघडलं, आणि परत मिटलं. स्टुलावर तो पहिल्यांदाच गप्प झालेला मी पाहिला. लोक ओरडायला लागले, "भाऊ, सांगा ना! काय लिहेल शे?" चित्राला साथ करणारा तबलजीसुद्धा थांबला. शेवटी भाऊ खाली बघत म्हणाला, "हिंदुस्थान आहे हा. ही हिंदू विधवा आहे. तिला जाळताहेत."

हसणं तिथल्या तिथे बंद पडलं. कुणाला काय करावं सुचेना. माझ्या शेजारची तेवढी म्हणाली, "मंग इतली रडस कसाले? आमनाकडे तं पाट लावतंस." त्यांच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, तिला यात रडण्यासारखं काही दिसेना. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान फिरवली. मी पडद्याकडे बघत होते. राग यायला हवा होता, आला नाही. लाजही वाटली नाही. विधवेच्या कपाळावर टिळा कसा, एवढाच विचार डोक्यात आला. मग गोरा घोड्यावरून आला आणि तिला घेऊन गेला. मांडीवरचं मूल ओलं झालं होतं, मी त्याचं दुपटं बदललं.

गावात गहजब झाला. वकिलांच्या बैठकीत ठराव, चहाच्या दुकानात भांडणं. त्यात भुसावळहून बातमी आली की तिथल्या गोऱ्यांच्या क्लबात हेच चित्र लागलं आणि साहेब-मडमांनी चितेच्या वेळी टाळ्या वाजवल्या. मग तर विचारायला नको. निषेधाची सभा ठरली, आणि पाट्या वाचणारा म्हणून भाऊ मुख्य वक्ता. त्याचा राग खोटा नव्हता. जेवता जेवता तो ताट बाजूला सारायचा. "आपल्याला राक्षस दाखवतात," तो म्हणायचा, "आणि पैसे देऊन आपणच बघतो." हे त्याचं अगदी खरं होतं. चिन्याचं हसणं काढताना ते त्याला सुचलं नव्हतं, पण ते मी बोलले नाही.

सभेच्या आदल्या दिवशी तो माझ्यापाशी आला. असा तो कधी येत नसे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "उद्या तू स्टेजवर बस. फार नाही, एकच वाक्य म्हणायचं. मी सुखात आहे, एवढंच. हजार भाषणांनी होणार नाही ते तुझ्या एका वाक्याने होईल."

मी विचारलं, "आणि धुळ्याचं?"

तो जायला वळला. मग म्हणाला, "सभा नीट होऊ दे. मग धुळ्याचं पाहतो. माझा शब्द."

वहिनीने ट्रंकेतून काठाचं लुगडं काढलं. म्हणाली, "हे नेस, लोकांना दिसायला हवं." इतक्या वर्षांत काठ अंगाला लागला नव्हता. नेसताना हात चुकत होते, तिनेच निऱ्या करून दिल्या. स्टेजवर मला खुर्ची होती, पुढच्या रांगेत, पुरुषांच्या बरोबरीने. भाऊ अप्रतिम बोलला. आमच्या घरात विधवा देवघरातल्या समईसारखी असते, असं म्हणाला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने माझ्याकडे हात केला. मी उठले. खाली माणसंच माणसं, सगळ्यांची तोंडं वर, माझ्याकडे.

"मी सुखात आहे," मी म्हणाले.

एवढ्या टाळ्या त्याच्या कुठल्याही चित्राला पडल्या नव्हत्या. त्या मावळेपर्यंत मी उभीच होते, कारण बसायचं कधी हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर वहिनीने लुगडं घडी करून परत ट्रंकेत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ जेवायला बसला. कचेरीला जायची घाई होती, तरी चेहऱ्यावर समाधान होतं, रस्त्यात लोक पाया पडले म्हणून सांगत होता. मी भाकरी वाढली आणि म्हणाले, "धुळ्याच्या बाईंना निरोप धाडू का? येत्या आठवड्यात वर्ग सुरू होतोय."

त्याने घास खाली ठेवला. रागावला नाही. उलट फार मायेने बोलला, लहानपणी बोलायचा तसं.

"अगं, सगळ्या गावासमोर सुखात आहे म्हणालीस ना? आता घर सोडून गेलीस तर लोक काय समजतील? मी खोटा ठरेन, आणि ते चित्रवाले खरे."

वहिनी चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. भाऊ माझ्या उत्तराची वाट बघत होता. तो मला फसवत नव्हता, त्याला ते मनापासून पटलेलं होतं. आम्हाला कुणी जाळत नव्हतं, हे खरंच होतं. ते मीच माझ्या तोंडाने गावाला सांगून आले होते.

मी त्याला आणखी एक भाकरी वाढली. धुळं मी आजवर पाहिलेलं नाही.