बारावं चित्र

अर्णव, रेवा — तुमच्या आजीचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे लिहिते, कारण कागद मी स्वतः मोजले होते.

स्थळ कर्वेनगर, आपलं जेवणाचं टेबल. मंगळवार, दुपारी साडेतीन.

समोरच्या फ्लॅटमधली नसरीन तुम्हाला आठवते ना? तुम्ही बघता त्या जपानी कार्टूनची — ‘आजी, ॲनिमे म्हण’, पाठ झालंय माझं — चित्रं ती काढते. मुख्य चित्रं जपानहून येतात, मधली हालचाल ही भरते. तिकडे मागणी प्रचंड, पण कामाचा रगाडा असा की नवी मुलं टिकत नाहीत. म्हणून काम पुण्यापर्यंत येतं. आता तेही एआयला द्यायचं चाललंय. त्या दिवशी एकच प्रसंग दोघांना दिला होता, तिला आणि मशिनला. ज्याचं सरस, त्याला पुढची मालिका.

प्रसंग — एक म्हातारी सुई ओवते.

“आजी, ओवून दाखवा ना. अगदी हळू.”

“या वयात वेगळं काय जमणार? बस.”

तिचा टॅब्लेट दुरुस्तीला होता, म्हणून ती कागदावर काढत होती. पेपर तपासायच्या सवयीने प्रत्येक कागदावर मी लाल पेन्सिलीने आकडा घातला. अकरा. तेवढेच हवे होते. माझ्याच स्कॅनरवरून तिने ते घाईने पाठवले, आणि मग स्क्रीनकडे बघतच राहिली.

बारा!

गठ्ठा तपासला. सहा आणि सातच्या मध्ये एक कागद, आकडा नसलेला. म्हातारी ओवण्याआधी सुई केसांतून फिरवते आहे. मी असं कधीच करत नाही. माझा तर बॉयकट.

“हे तू काढलंस?”

“नाही, आजी. माझी रेघ इतकी चांगली नाही...”

दार बंद होतं. आम्ही दोघी जागच्या हललो नव्हतो.

“असू दे, सुंदर आहे,” मीच म्हणाले. लिहिताना लाज वाटते.

“तुमच्या वर्गात कुणी असं केलं असतं तर?”

काम हातचं जाईल हे माहीत असूनही तिने लगेच कळवलं — बारावं चित्र माझं नाही.

दुसऱ्या दिवशी जपानहून उत्तर आलं. ‘ते आम्ही ओळखलं. ही रेघ आमच्या मुख्य चित्रकार बाईंची. बटणं शिवताना त्या अशीच सुई फिरवायच्या. मागच्या महिन्यात गेल्या. हे चित्र त्यांनी तुम्हाला कधी पाठवलं? निर्णय मात्र तुमच्या अकरांवरून घेतला आहे. पुढची मालिका तुमची.’

कधी पाठवलं! तो कागद आला कुठून, हे मला आजही उमगलेलं नाही.

त्यांनी मूळ चित्र मागितलं. कुरिअरच्या फॉर्मवर ‘आत काय आहे’ असा रकाना होता. नसरीनने लिहिलं — तुमचंच आहे, परत पाठवत आहे.