आधी डोळे

डब्यातून नऊ तुकडे निघाले आणि आमचे हे म्हणाले, "अगं, यांनी तर टूटा-फूटा माल पाठवलाय. वापस कर."

तुटलेलं काही नव्हतं. रेझिनची छोटी मूर्ती अशी सुट्या भागांतच येते. धड, पाय, डोकं, दोन हात, धनुष्य, भाता, पाठीवरची शाल आणि उभं राहायला एक खडक. सगळं जोडलं की माझ्या मधल्या बोटाएवढी बाई होणार होती, कुठल्याशा परक्या मुलखातली, हातात धनुष्य घेतलेली, पन्नाशी ओलांडलेली. विकायला होते ते बहुतेक तरणेबांड शिपाई. त्यांच्यातून मी हिला निवडलं, कारण फोटोत तिचे डोळे कोरे दिसत होते आणि मला डोळे काढायचे होते. एकदा तरी, कुणाचेही.

हे डोळ्यांचं दुखणं जुनं आहे. माझं माहेर धारचं, पूर्वी संस्थानच्या दफ्तरात असलेलं घराणं. आमच्याकडे गणपती विकत आणत नाहीत, घरी करतात. नालछ्याच्या रस्त्यावरून पिवळी माती येते, त्यात कापूस कुटून घालतात. नऊ वर्षांची असल्यापासून ती माती मी मळते. पुढे सोंड मी वळवायला लागले, पोट मी घडवायला लागले, रंगही मीच द्यायला लागले. डोळे मात्र चतुर्थीच्या सकाळी घरातला थोरला पुरुष काढणार, आंघोळ करून, सोवळं नेसून. तोवर मूर्ती आंधळी. मी एकदा वडिलांना विचारलं, मी काढू का? ते म्हणाले, "आपल्यात बायका डोळे काढत नाहीत." का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.

वडिलांचा हात निदान चांगला होता. त्यांच्यानंतर मान दादाकडे गेला. माझा हा थोरला भाऊ मनाचा फार चांगला, पण चित्रकलेशी त्याचा छत्तीसचा आकडा. मागच्या वर्षी आमचा गणपती एका डोळ्याने आरतीकडे आणि दुसऱ्याने खिडकीकडे बघत होता. आल्यागेल्यांनी हात जोडून "किती सजीव!" म्हटलं. मी आतल्या आत धुमसत मोदक वाढले.

लग्नानंतर मी देवासला आले ती यांच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे; गणपती करायला मात्र दरवर्षी धारला जाते. पुढे मीही एका कारखान्यात लागले. तीस वर्षं गेज लावून यंत्रांचे पुर्जे तपासले. केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवत असे. अशा बाईचा हात डोळ्यांना चालत नाही, हे मला कुणी पटवून द्यावं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात हा डबा मागवला.

कामाला बसले. आधी तुकडे भांड्यांच्या साबणाने धुतले, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेलं तेलकट काहीतरी रेझिनवर राहतं आणि त्यावर रंग धरत नाही. कडेचे फाजील काटे कापले. मग रेगमालचा कागद ओला करून सांधे घासले. कोरडं घासलं की भुकटी छातीत जाते, म्हणून ओलं, आणि तरी नाकाला फडकं. हे बघून म्हणाले, "ऑपरेशन चाललंय का?" पण संध्याकाळी स्वतःच जुन्या मोटारची तांब्याची तार आणून दिली. दंडाला आणि खांद्याला बारीक भोकं पाडून आत तारेचा तुकडा घातला, मग ग्लू. नुसत्या ग्लूवर धनुष्याचा हात टिकला नसता. फटी पुटीने बुजवल्या. अंगभर राखाडी अस्तर दिलं आणि तिला औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवलं, म्हणजे बोटं न लागता फिरवता येते.

मग तीन आठवडे रंग. पाण्यासारखे पातळ थर, एक वाळला की दुसरा. शालीला आमच्या धारकडच्या बाघ गावच्या छपाईचा लाल-काळा काठ काढला. परक्या मुलखातली असली तरी माझ्या घरात आली होती, थोडी माळव्याची व्हायला काय हरकत? चेहरा तर असा साधला की मीच खूश. गालाचं हाड उजळ, ओठाखाली सावली, कपाळावर उन्हाने रापलेला पट्टा. सगळं पुरं झालं आणि मग मी डोळ्यांना हात घातला. शेवटी. दुसरं काही सुचलंच नाही. डोळे शेवटी, हे आमच्या हाडात भिनलंय.

त्या दिवशी मी आंघोळ करून बसले होते. हसू नका.

पांढरा बसला. काळा भरायला गेले आणि हात थरथरला. तीस वर्षांत जो हात हलला नव्हता, तो राईएवढ्या डोळ्यापाशी हलला. काळा फराटा थेट गालावर गेला. पुसायला गेले तर गालाचा रंगही उचलला गेला. तीन आठवड्यांचा चेहरा मिनिटात मातीमोल झाला. मी ब्रश आपटला आणि रडले. रागाने रडले, आणि माझ्याच डोक्यात वडिलांचा आवाज म्हणाला, बघ.

चार दिवस मी टेबलाकडे फिरकले नाही. पाचव्या दिवशी मोबाइलवर एक म्हातारा कारागीर दिसला. त्याची भाषा मला कळत नव्हती, हात कळत होते. त्याने कोऱ्या राखाडी चेहऱ्यावर सर्वांत आधी डोळेच काढले. एक चुकला. त्याने शांतपणे भोवतीने कातडीचा रंग लावला आणि चूक झाकून टाकली. पापण्या, गाल, कपाळ, सगळं त्यानंतर.

मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि माझं टाळकं फिरलं. म्हणजे आधी काढले तर चूक झाकता येते, शेवटी काढले तर चूक उघड्यावर येते. आमच्या लोकांनी डोळे शेवटी ठेवून काम अवघड केलं, आणि अवघड आहे, पवित्र आहे म्हणून आम्हा बायकांना दूर ठेवलं. मी देव मानते, रोज दिवा लावते. पण हा नियम देवाने केलेला नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

स्पिरिटच्या बोळ्याने तिचा चेहरा पुसून काढला, पुन्हा अस्तर दिलं आणि आधी डोळे काढले. दोनदा फसले, दोनदा झाकले. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे पाहिलं. हात हलला नाही. "अहो, इकडे या," मी ओरडले. हे आले, चष्मा वर सरकवून वाकले आणि म्हणाले, "बाप रे. ये तो डांटने वाली है." हीच मला हवी होती.

राखीला धारला गेले ती तिला डबीत कापसात घेऊनच. माती मळली, मूर्ती घडवली, सावलीत वाळवली, पांढरा हात दिला. आणि पितांबर नाही, मुकुट नाही, कोऱ्या पांढऱ्या गणपतीला मी आधी डोळे काढले. चतुर्थीला आठ दिवस होते. समोर ती धनुष्यवाली उभी होती. मी सोवळं नेसले नव्हते, गाऊनवर होते.

दादा चहाचा कप घेऊन आला आणि दारातच थबकला.

"अगं, हे काय केलंस? डोळे तर चतुर्थीला मी..."

"झाले काढून."

"फिर वही जिद! आपल्यात असं करत नाहीत. पूस ते."

मी ओलं फडकं त्याच्या हातात दिलं. "तू पूस, दादा. त्याच्याकडे बघ आणि पूस."

कप खाली ठेवून तो पुढे आला. गणपतीने त्याच्याकडे सरळ पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी. दादाने फडकं पाटावर ठेवलं, चहा उचलला आणि तो आत गेला. आठ दिवस त्याने विषय काढला नाही, मीही नाही. मी पितांबर रंगवला, मुकुट रंगवला. ब्रश सरळ चालला.

चतुर्थीला सकाळी तो सवयीने सोवळं नेसून, हातात रंगाची वाटी घेऊन आला आणि मूर्तीपुढे अवघडून उभा राहिला. करायला काही उरलं नव्हतं. मला त्याची दया आली, पण मी जागची हलले नाही.

"उंदराचे डोळे राहिलेत," मी म्हटलं. "तुझ्यासाठी ठेवलेत."

तो खाली बसला आणि त्याने ते मन लावून काढले. आमचा उंदीर यंदा जरा तिरळा आहे.