मदतनीस बघण्याचा कार्यक्रम

फलटणला धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे यायचे, तेव्हा क्रांतीला मागच्या खोलीत बसवायचे. तिचा डावा पाय आत वळतो, चालताना अख्खं अंग डुलतं. पाहुण्यांनी बघितलं तर धाकटीचं जमायचं नाही, ही घरच्यांची अक्कल. पोहे मात्र आठवणीने आत पोचायचे. क्रांती ते खायची आणि पाहुण्यांना मनोमन शिव्या घालायची. बहिणीचं लग्न झालं, तरी क्रांतीला त्या खोलीतून बाहेर काढायचं कुणाला सुचलं नाही.

आता चाळिशीत ती कुपवाडला राहते. तिच्यासारख्या काही जणांनी मिळून सहकारी संस्था काढली आणि घरं बांधली. सरकार त्यांना दिव्यांग म्हणतं, ते एकमेकांना काय म्हणतात ते इथं लिहिण्यासारखं नाही. दार ज्याचं त्याचं, मदतनीस सगळ्यांत मिळून.

यंदा जुन्या मदतनीस बाई लेकाकडे पुण्याला गेल्या. क्रांतीला अंघोळीला आणि चालताना तोल सांभाळायला माणूस लागतं. भाऊ वीरधवल फोनवर फोन करू लागला, "बाई मिळत न्हाई तर घरी ये. तुझी खोली हाय तशी हाय." खोली आहे तशी आहे, हीच तर क्रांतीला धास्ती होती.

मग तिने बघण्याचा कार्यक्रमच सुरू केला. आलेल्या बाईला पोहे द्यायचे, समोर खुर्च्या मांडायच्या आणि मुलाकडच्यांसारखी तोंडं करून विचारायचं, "स्वयंपाक येतो? जरा चालून दाखवा." चेअरमन रिजवान जन्मापासून आंधळा. बाई चालली की तो गंभीरपणे म्हणायचा, "रंग बरा हाय."

एक बाई क्रांतीच्या डोक्यावरून हात फिरवून रडायलाच लागली. दुसरीला पुण्य कमवायचं होतं. रिजवान म्हणाला, "पुण्य ऱ्हाऊ द्या, आमाला सकाळी पाणी तापवून पायजे." आणखी एकीने क्रांतीच्या देखत रिजवानला विचारलं, "ह्या काय खातात?"

"माणसं," क्रांती म्हणाली.

अशाने बाई कुठली मिळायला. वीरधवलने रविवारची गाडी सांगून ठेवली. क्रांतीची झोप उडाली, पण तोंडाची धार काही कमी झाली नाही.

शनिवारी सोनम आली. माधवनगरची, दणकट बाई. पोहे संपवून तिने मीठ कमी पडल्याचंही सांगितलं. क्रांतीने नेहमीचा सूर लावला, "जरा चालून दाखवा."

सोनम जागची हलली नाही. "माझं काय बगताय? आदी तुमी चालून दाखवा की, ताई. तोल कुठं जातोय, कुठं धरायचं, मला कळाय नको?"

रिजवाननेही रंग सांगितला नाही. क्रांतीला आधी संताप आला, मग भीती वाटली. परक्या माणसासमोर चालायचं नाही, एवढं एकच घरच्यांनी तिला नीट शिकवलं होतं. ती खुर्चीचा हात धरून उठली आणि डुलत, पाय ओढत दारापर्यंत गेली. सोनम रिकामी बशी मांडीवर ठेवून निरखून बघत होती.

"वळताना डावीकडं झुकताय," ती म्हणाली. "तितंच धरीन. बाकी तुमचं तुमी चालताय की."

क्रांती परत आली. मग काही कारण नसताना आणखी एकदा दारापर्यंत जाऊन आली. तिला लय बरं वाटत होतं.

संध्याकाळी वीरधवलचा फोन आला. "उद्या गाडी पाठवू न्हवं?"

"नको, दादा," क्रांती म्हणाली. "आज मला बगायला आलते. पसंत पडलीय मी."